सातव्या प्रकरणातला घड्याळजी

४ जून

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न उघडताच फाडावंसं वाटेल तुला. बावीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा फाडलंस तरी मला बोलायला तोंड नाही. पत्ता तुझ्या वहिनीच्या वहीत सापडला. तिला जाऊन दोन वर्षं झाली, वही मी परवा उघडली. तू गाव सोडल्यापासूनचे तुझे सगळे पत्ते त्यात आहेत, एक खोडून खाली दुसरा. म्हणजे तुमचं एकमेकींना लिहिणं चालू होतं आणि मला तिनं शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. तेही रहस्यकथा लिहिणाऱ्याच्या घरात राहून.

कामाचं लिहितो. पुढच्या महिन्यात मला पंचाहत्तर पूर्ण होतात. वाचनालयवाले सत्कार करणार आहेत. आपले जुने प्रकाशक गेले. आता त्यांचा मुलगा सगळं बघतो. तो माझ्या निवडक कादंबऱ्यांचा संच काढतोय, चौऱ्यांशीतल्या बारा. पहिला नंबर ‘थर्मास’चा. त्याला त्या पुस्तकासाठी प्रस्तावना हवी आहे, ‘ही कादंबरी मला कशी सुचली’. मी चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा उठलो.

तुला कळवल्याशिवाय ते पुस्तक पुन्हा छापू नये असं वाटलं, म्हणून हे पत्र. तसं पाहिलं तर त्यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे? लिहिणारा माणूस इकडून तिकडून उचलतच असतो. घड्याळं दुरुस्त करणारे जगात कितीतरी असतात. थर्मास तर घरोघरी असतो. लोकांनी नाही ते अर्थ काढले, त्याला मी काय करणार? तेव्हाही मी तुला हेच म्हणालो होतो.

पत्र परत आलं नाही, तर तुझी हरकत नाही असं समजतो.

तुझा,
दादा

१९ जून

प्रिय धाकटे,

पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण प्रकाशकाच्या मुलाचा फोन आला, “काका, प्रस्तावना?” आणि मी त्याला खोकला झाल्याचं सांगितलं. खोकलाबिकला काही नाही.

मागचं पत्र मी पाठवायच्या आधी वहिनीनं वाचलं असतं, तर तिनं ते माझ्यापुढे ठेवून विचारलं असतं, “अहो, हे तुम्ही कुणाला लिहिताय? बहिणीला की वकिलाला?” म्हणून आज पुन्हा लिहितो.

सव्वीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी तुझा नवरा दुपारी दुकान बंद करून बाहेर पडला आणि संध्याकाळी दगडाच्या जुन्या खाणीत, पाण्यात सापडला. चौकशी झाली. सकाळी तुमचं कडाक्याचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. दुपारी तू त्याला थर्मासमधून चहा नेऊन दिलास, तेही समोरच्या शिंप्यानं पाहिलं होतं. पोलिसांनी सगळं लिहून घेतलं, पाय घसरून मृत्यू असा शेरा मारला आणि कागद मिटवले. तू दुकान चालू ठेवलंस. दुरुस्ती जमायची नाही तुला, पण पट्टे विकायचीस, सेल बदलून द्यायचीस आणि भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांना रोज सकाळी डाव्या हातानं किल्ली द्यायचीस. लेक नऊ वर्षांची होती. तुझं निभत होतं.

तीन वर्षांनी मी आटलो, प्लॉट सुचेनात. वाचकांना वाटतं, असल्या कादंबऱ्या पाडायला काय लागतं. सोळा पानांचा एक फॉर्म, असे आठ फॉर्म, एकशे अठ्ठावीस पानं, दर दोन महिन्यांना एक. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. दुसऱ्यांच्या रहस्यकथांतल्या वेलांट्या सुधारता सुधारता वाटलं, हे तर आपल्यालाही येईल. आणि आलं. माझा निवृत्त पोस्टमास्तर लोकांना आवडला. पाकिटावरचा शिक्का बघून खुनी ओळखायचा. पण साठ-बासष्ट कादंबऱ्यांनंतर त्यालाही शिक्के पुरेनात. प्रकाशक रोज दारात. “मुखपृष्ठ तयार आहे, बाई आहे, सुरा आहे, तुम्ही फक्त आत काहीतरी भरा.” सुरा नसला तरी आमचा चित्रकार सुरा काढायचाच.

मग मी भरलं. घड्याळजी, त्याची डावखुरी बायको, सकाळचं भांडण, निळ्या झाकणाचा थर्मास, चहात कालवलेलं औषध, खाण. सहा आठवड्यांत लिहून झालं. इतकं सरसर मी कधीच लिहिलं नव्हतं. वहिनी माझी प्रत्येक कादंबरी सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची. हिची तिनं अकरा पानं उतरवली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “हे छापू नका.”

“नावं कुठे आहेत कुणाची?”

“झाकण निळं आहे,” ती म्हणाली.

बाकीची मी स्वतः उतरवली. झाकणाचा रंग बदलायला एक शब्द लागला असता. मी तो बदलला नाही. निळाच चांगला वाटत होता.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. लिहायला मला जड जातंय, म्हणूनच लिहायला हवं. पुस्तक आल्यावर दोन महिन्यांत लोक तुझ्या दुकानात पट्टा घ्यायला नाही, तुला बघायला यायला लागले. कुणीतरी तुझ्या तोंडावर म्हणालं, “चहा नको हो, आत्ताच झाला.” शाळेत लेकीला मुलं ‘थर्मास’ म्हणून हाक मारायला लागली. तुझ्या दिरानं चौकशी पुन्हा उघडावी म्हणून अर्ज दिला आणि फौजदार तुझ्या दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात माझं पुस्तक होतं, खुणेला बसचं तिकीट घातलेलं.

तू माझ्याकडे आलीस. चप्पल न काढता तशीच माझ्या टेबलापर्यंत आलीस.

“दादा, फक्त एवढं लिहून दे, की हे सगळं खोटं आहे. पेपरात छापू.”

“अगं, कादंबरी खोटीच असते. ती खोटी आहे असं सांगितलं, तर लोकांना उलट खरीच वाटेल.”

“वाटू दे. तू सांग तरी.”

“धाकटे, जरा धीर धर. लोक विसरतात.”

तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. तेव्हा मला वाटलं, तू रागानं बघते आहेस. मग वहिनीला म्हणालीस, “येते गं.” मला काहीच म्हणाली नाहीस. महिन्याभरात दुकान रिकामं करून, लेकीला घेऊन तू गेलीस. गावानं त्याचाही अर्थ काढला. ‘थर्मास’ची तिसरी आवृत्ती निघाली.

लोकांनी अर्थ काढले, असं मी मागे लिहिलं. तो अर्थ मी त्यांच्या हातात ठेवला होता.

दादा

२ जुलै

प्रिय धाकटे,

भाचीचं कार्ड आलं. अक्षर किती वळणदार आहे तिचं! शेवटचं पाहिलं तेव्हा दोन रेघांच्या वहीत मावत नव्हतं. शाळेच्या वसतिगृहात तू कोठी सांभाळतेस आणि ती तिथेच शिकवते, हे वाचून फार बरं वाटलं.

ती लिहिते, माझी पत्रं तू हातात घेत नाहीस, ती वाचून दाखवते आणि तू धान्य निवडत ऐकतेस. दुसरं पत्र संपल्यावर तू एकच गोष्ट विचारायला सांगितलीस. तिचे शब्द इथे उतरवतो, म्हणजे मी चुकीचं वाचलेलं असलं तर कळेल:

‘मामा, आई म्हणते, तुमच्या कादंबरीच्या सातव्या प्रकरणात घड्याळजी समोर भिंतीवर घड्याळ असताना दुसऱ्याला वेळ विचारतो. पुढे त्या गोष्टीचं काहीच होत नाही. हे तुम्हाला कुठून सुचलं? बाबांचे डोळे जात होते हे कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही. दुकान रिकामं करताना खणाच्या तळाशी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, तेव्हा तिला कळलं. तोवर तुमचं पुस्तक येऊन सहा महिने झाले होते. आई म्हणते, बाबा त्या दिवशी दुपारी तुमच्याकडे आले होते का?’

धाकटे, मी चौऱ्यांशी कादंबऱ्या लिहिल्या. एवढा साधा आणि एवढा पक्का दुवा मला एकदाही जमला नाही. बावीस वर्षं तू हे मनात ठेवलंस आणि कुणाला बोलली नाहीस? वहिनीलाही?

आज हवा फार दमट आहे. हात दुखतो. पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो.

दादा

३ जुलै

धाकटे,

हात दुखत नव्हता.

हो. आले होते.

अडीच वाजले असतील. वहिनी माहेरी गेली होती. मी मागच्या खोलीत शेवटचं प्रकरण लिहीत होतो. छापखान्यात सात फॉर्म छापून झाले होते, आठव्यासाठी यंत्र थांबलं होतं. दाराशी सावली आली. मी वर न बघताच म्हणालो, “कोण?”

“मी आहे, दादा. पाच मिनिटं बोलायचं होतं.”

“आत्ता नको हो घड्याळजी. आत्ता खुनी सापडायला आलाय.”

ते हसले नाहीत. आत येऊन खुर्ची चाचपून बसले. चाचपून बसले हे मला तेव्हा दिसलं आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं. थोड्या वेळानं म्हणाले, “किती वाजले?”

घड्याळ त्यांच्यासमोर होतं. त्यांनीच लावून दिलेलं. मी म्हणालो, “कमाल आहे! घड्याळजी मला वेळ विचारतात!”

“दिसत नाही, दादा,” ते म्हणाले. “दोन्ही डोळे जाणार म्हणाले डॉक्टर. काटे तर सोडाच, तबकडीवरचे आकडेही दिसत नाहीत. मी गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच परत पाठवतोय. ती सकाळी त्यावरूनच भांडली. का परत पाठवता, कामाचा कंटाळा आलाय का, म्हणाली. मला सांगता येईना.”

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. एक वाक्य अर्धं झालं होतं. मला त्यांची दया आली नाही असं नाही. पण ते वाक्य जाईल याची भीती जास्त वाटली. मी म्हणालो, “डॉक्टर काहीही सांगतात. दुसऱ्याला दाखवा. आपण संध्याकाळी नीट बोलू.”

ते उठले, खुर्ची पुन्हा टेबलाखाली सरकवली आणि गेले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसली. आमच्या घरापासून तुझ्या दुकानाकडे जवळचा रस्ता खाणीच्या कडेनं जातो, ते त्याच रस्त्यानं निघाले. ज्याला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, त्याला ती कड कशी दिसेल, हा विचार रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात आला नाही. मी वाक्य पूर्ण केलं. प्रकरणही पूर्ण केलं. चांगलं झालं होतं ते.

फौजदारानं विचारलं, शेवटचं कधी भेटलात? मी म्हणालो, रविवारी. तोंडातून निघून गेलं. कारण मंगळवार म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, ते काय म्हणाले? आणि मग, तुम्ही काय म्हणालात? त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. तुलाही द्यायचं नव्हतं. तू ओट्याला टेकून उभी होतीस आणि म्हणत होतीस, “मी भांडले नसते तर...” मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गप्प राहिलो.

तीन वर्षं ती खुर्ची मला सरकवल्यासारखी ऐकू यायची. मग मी ‘थर्मास’ लिहिली. प्लॉट मिळेना म्हणून लिहिली हे आधीच्या पत्रातलं खरं आहे, पण अर्धंच. त्या मरणाला मला कुणीतरी दोषी हवं होतं आणि ते मी असायला नको होतं. तू जवळ होतीस. तू माझ्यावर कधी संशय घेणार नाहीस अशी खात्री होती. फक्त ते वेळ विचारणं कसं त्यात आलं, मला माहीत नाही. मुद्रितं तपासताना तिथे थांबलो होतो. काढून टाकावंसं वाटलं. काढलं नाही.

तू माझ्या टेबलापाशी उभी राहून बघत होतीस, तो राग नव्हता. तेव्हा तुला चिठ्ठी सापडली नव्हती, तरी काहीतरी खटकलंच असणार.

माफी मागायची कशी, ते मला समजत नाही.

दादा

२० जुलै

प्रिय धाकटे,

सत्कार काल झाला. सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगायचं, असं ठरवून गेलो होतो.

सभागृह भरलं होतं. मानपत्र वाचून झालं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘थर्मास’ ही माझी कादंबरी माझ्या सख्ख्या बहिणीवर घातलेला खोटा आळ आहे. मग तो मंगळवार सांगितला. खुर्ची, वेळ विचारणं, अर्धं वाक्य, फौजदाराला सांगितलेला रविवार. शेवटी म्हणालो, “तिचा काही दोष नव्हता. तो माझा होता.”

टाळ्या पडल्या, धाकटे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक गृहस्थ माझा हात धरून म्हणाले, “शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाहीत बुवा! याचं पुस्तक कधी?” मी त्यांना म्हणालो, “हे खरं आहे हो.” ते डोळे मिचकावून म्हणाले, “तर काय!” प्रकाशकाचा मुलगा कानाशी आला. “काका, संचाची याहून चांगली जाहिरात झाली नसती.”

चाळीस वर्षं मी या लोकांना शेवटच्या पानावर फसवत आलो. आता शेवटच्या पानावर खरं सांगितलं, तर त्यांनी तरी काय करावं?

आज सकाळी ‘थर्मास’ संचात राहणार नाही, असं प्रकाशकाला लेखी कळवलं. तो चिडला, मग रडकुंडीला आला, मग चिडला. पोलीस ठाण्यात जबाब लिहून दिला. तिथली बाई पंचविशीची असेल. ती म्हणाली, “आजोबा, ही केस माझ्या जन्माच्या वेळची आहे,” पण कागदावर शिक्का मारून पोच दिली.

आणि तुझ्या दिराकडे गेलो. थकला आहे तो, खुर्चीतच बसलेला असतो. त्याला सगळं सांगितलं. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाला, “मला ती तशी वाटलीच नव्हती कधी. तुम्ही लिहिलंत म्हणून मी अर्ज दिला. म्हटलं, सख्खा भाऊ लिहितो म्हणजे त्याला ठाऊक असणार.” मग विचारलं, “ती कुठे आहे?” मी पत्ता दिला नाही. तो द्यायचा की नाही, ते तू सांग.

दादा

५ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

तुझ्या स्वतःच्या हातचं पत्र आलं. चारच ओळी. डावीकडे कललेलं अक्षर पाहून मी ते उघडायच्या आधी बराच वेळ नुसता बसून होतो.

तू लिहितेस, माफीचं नंतर बघू. तुझ्या नवऱ्यानं आपणहून पाण्यात पाय टाकला की त्याचा पाय घसरला, या एका गोष्टीवर सव्वीस वर्षं तुझी झोप उडते. मग मला म्हणतेस, तो त्या दुपारी काय काय बोलला, ते सगळं लिहून पाठव. तुझं काही त्यात घालू नकोस.

लिहितो. तीन जुलैच्या पत्रातलं त्यांचं सगळं बोलणं खरं आहे, पण पूर्ण नाही. डॉक्टरांचं सांगून झाल्यावर ते म्हणाले होते, “तिला कसं सांगू कळत नाही. तुम्ही सांगाल का? तुम्हाला शब्द सुचतात.” हे मी लपवलं. मी त्यावर उत्तर दिलं नाही, म्हणून लपवलं. मग ते म्हणाले, “तिला भिंतीवरची घड्याळं जपता येतात. मी शेजारी बसून कानांनी ऐकून सांगेन, कुठलं मागे पडतंय ते. दुकान चालेल तसं.” मी ‘हं’ म्हणालो. मी ऐकत नव्हतो, पण शब्द कानात राहिले आहेत.

मग मी संध्याकाळी बोलू असं म्हणालो. त्यांनी खुर्ची सरकवली. दारात थांबून ते म्हणाले, “बरं. संध्याकाळी तिला घेऊनच येतो.”

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कारण हे खरं असेल तर ते मरायला निघाले नव्हते, घरी निघाले होते, आणि मी नुसता उठून त्यांचा हात धरला असता तर पोचलेही असते. तुला ऐकायला हवं तेच मी बरोबर शेवटी आणून ठेवलंय, असं तुला वाटेल. जन्मभर मी तेच केलं. तुझी खात्री पटेल असं माझ्याकडे काहीही नाही. साक्षीदार नाही, चिठ्ठी नाही, शिक्का नाही.

पण ते असंच म्हणाले, धाकटे. “संध्याकाळी तिला घेऊनच येतो.” यातला एकही शब्द माझा नाही.

दादा